शनिवारची फटफटी

बाबांच्या नांदेडच्या खोलीला कुलूप लावलं आणि त्यांची जुनी फटफटी चाकूरच्या, घरच्या रस्त्याला घातली. बाबा मास्तर, नोकरीभर दर शनिवारी याच गाडीवर घरी जायचे. त्यांना जाऊन तीन महिने झाले. अंत्यसंस्कार आईच्या डोळ्यांदेखत झाले, तरी शनिवारी ती त्यांचं ताट वाढतेच. गाडी रिकामी अंगणात उभी राहिली की तिचं वाट पाहणं थांबेल, असं ताईचं मत. मला उलटीच भीती होती.

लोह्याच्या अलीकडे इंजिन खोकलं आणि बंद. मी स्वतःला मोठा मेकॅनिक समजतो! प्लग पुसला, वायरी हलवल्या, किका मारून पोटरी भरून आली. ठिणगी पिवळी, मरतुकडी. समोर चहाचं हॉटेल होतं. मालकानं मान वर न करताच बिनसाखरेचा चहा बाकावर ठेवला.

"लई दिवसांनी, मास्तर?"

मग त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. बाबा गेल्याचं मी कसंबसं सांगितलं. अर्ध्या तासानं गाडी पहिल्या किकला सुरू झाली.

अहमदपूरच्या आधी पुन्हा तेच. भर उन्हात रस्ता सुनसान, तुरीच्या रानात चिटपाखरू नाही. पण कडुनिंबाखाली बाज टाकलेली आणि पाण्याचा तांब्या भरलेला. लांबून एका बाईची हाक आली, "थंड होऊ द्या तिला, गुरुजी!" ती कुठं उभी होती ते दिसेना. माझ्या अंगावर काटा आला. बाबा जिथं थांबायचे तिथंच गाडी मला थांबवत होती.

थंडावून सुरू झाली तशी गाडी थेट अहमदपूरच्या मिस्त्रीकडे नेली. त्या म्हाताऱ्यानं दिवसाढवळ्या शटर खाली ओढलं. "ठिणगी अंधारात कळती." किक मारताच त्याचा चेहरा क्षणभर उजळला आणि नाहीसा झाला.

"कंडेन्सर गेला हाय, ही ठिणगीची डबी. तापला की मरतो, थंडावला की जिता होतो. मास्तरला लई येळा म्हणलो, बदला. न्हाई म्हणायचे. बसवू नवा?"

"बसवा," मी म्हणालो. आणखी एकदा घाबरायची माझी तयारी नव्हती. नवी ठिणगी निळी, कडक पडली.

चाकूरपर्यंत गाडी एकदाही अडखळली नाही. दिवेलागणीला अंगणात शिरलो. आई दारात उभी होती.

"वळणावर बंद पडली न्हाई," ती म्हणाली.

"नीट करून आणली, आई."

"दर शनिवारी तिथं बंद पडायची. मग ढकलत यायचे. तेवढ्यात माझी भाकरी व्हायची." ती उंबऱ्यावर बसली. "गेले रे ते." आणि तीन महिन्यांत पहिल्यांदाच रडली.

ताई म्हणाली तसंच झालं. पण परतीच्या एसटीत मला वाटत राहिलं, तो एक शनिवार तरी गाडी बिघडलेलीच न्यायला हवी होती.