साहेबाचं शेवटचं वाक्य

माझ्या माडीवर राहायला आलेला म्हातारा इंग्रज खरोखरच नट आहे, यावर माझा बरेच दिवस विश्वास नव्हता. नट म्हणजे निदान कुठंतरी दिसला पाहिजे. त्यानं सांगितलेल्या सिनेमांपैकी जेवढे मोबाइलवर सापडले तेवढे मी चष्मा पुसून पुसून पाहिले. एकात त्याची मान दिसली, टोपीखालची, तीही मागून. दुसऱ्यात तो घाटाच्या पायऱ्यांवर मरून पडला होता आणि तोंड नदीकडं होतं. अशी ओळख कोण पटवून घेणार?

तो मुळात आला वाईला, शूटिंगसाठी. आपल्या सिनेमांना गोरा अंमलदार लागतो आणि शेवटी तो मारावाही लागतो. हे काम तो काही वर्षं इमानानं करत होता. घोड्यावरून उतरताना गुडघा गेला, मिरजेत ऑपरेशन झालं, आणि पुढच्या व्यायामासाठी जवळपास राहायला हवं म्हणून कुणीतरी त्याला सांगलीत माझ्याकडं पाठवलं. मराठी तो वाईच्या सेटवर सामान उचलणाऱ्या पोरांकडून शिकलेला. खोली बघून म्हणाला, "ताई, लय बेस हाय." मी मनात म्हटलं, हे प्रकरण सरळ दिसत नाही.

सकाळी वरून दोन माणसांच्या बोलण्याचा आवाज यायचा, त्यात एक बाईचा. भाडं एकट्याचं ठरलं होतं. मी दुधाचं पातेलं घेऊन न सांगता वर गेले. तो एकटाच खिडकीशी उभा राहून कुठल्याशा नाटकातल्या दोन्ही भूमिका म्हणत होता. रोज म्हणतो, नाहीतर जीभ गंजते, असं त्यानं सांगितलं.

मग चहाच्या निमित्तानं त्याची सगळी कारकीर्द मी काढून घेतली. मिसरूड फुटायच्या आधी समुद्रकाठच्या एका लहान थिएटरात तो भाला धरून उभा राहिला. पुढं फिरत्या कंपन्या, मग टीव्हीवर खानसामा, डॉक्टर, प्रेत, पुन्हा खानसामा. एकदा एका मोठ्या नटाचा बदली म्हणून आख्खी भूमिका पाठ करून तो हंगामभर विंगेत बसला आणि तो मोठा नट एकदाही शिंकला नाही. हे सांगताना तो हसला नाही, म्हणून तेवढं मला खरं वाटलं.

आमचं हौशी नाटकमंडळ त्या वेळी माझ्या थोरल्या भावाचं नाटक बसवत होतं. दादा जन्मभर रेल्वेत होता आणि त्यानं आयुष्यात एकच नाटक लिहिलं. नदीवर पूल बांधायला आलेला इंग्रज इंजिनिअर आणि काठावरची एक बाई. ती रोज भाकरी पुढं करते आणि तो रोज परत पाठवतो, कारण ही आपल्याला विष घालील अशी त्याला धास्ती. पूल होतो, तो जायला निघतो, आणि दारात थांबून म्हणतो, "बाई, भाकरी बांधून द्या. वाट लांबची आहे." पडदा. दादा म्हणायचा, सगळं नाटक मी या एका वाक्यासाठी लिहिलंय.

दादा तेव्हा मिरजेला, साहेबाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं त्याच दवाखान्यात होता. मूत्रपिंडं थकली होती. प्रयोगाला खुर्चीत बसवून नेऊ, असं मी त्याला सांगायचे आणि डॉक्टर माझ्याकडं बघायचं टाळायचे. ते वाक्य त्याच्या कानावर पडावं, एवढीच माझी त्या दिवसांतली धडपड होती. घरात आयता इंग्रज असताना मंडळातल्या गोऱ्यागोमट्या बँक कॅशिअरला पावडर फासण्यात अर्थ नव्हता. साहेबाला विचारलं, तो लगेच तयार झाला. बाईचं काम माझ्याकडं होतं.

साहेबानं मराठी वाक्यं इंग्रजी अक्षरांत लिहून घेतली आणि भराभर पाठ केली. फक्त शेवटचं वाक्य तो म्हणेना. तिथवर आला की काठी दोनदा जमिनीवर आपटायचा आणि म्हणायचा, झालं. पहिल्या दिवशी मी सोडून दिलं. पुढच्या तालमीतही तेच. विचारलं तर म्हणाला, त्यांच्याकडची रीत आहे. नाटकाचं शेवटचं वाक्य प्रेक्षक समोर बसल्याशिवाय उच्चारायचं नाही. तालमीत म्हटलं की नाटकाला अपशकुन होतो.

रीती आमच्याकडंही आहेत. आम्ही नारळ फोडतो, रंगमंचाच्या पाया पडतो. पण त्यासाठी आम्ही संवाद गाळत नाही. मला सरळ दिसत होतं की म्हाताऱ्याला ते वाक्य पाठ होत नाही आणि वर रीतीचं पांघरूण घालतोय. मी ते वाक्य त्याच्याकडून काढून पडद्यामागून दुसऱ्या कुणाकडून म्हणवायचं जवळजवळ ठरवलं.

त्यात भर म्हणजे त्याचं मिरजेला जाणं. व्यायामाला जातो म्हणायचा, पण व्यायाम कधीच संपला होता. जिना तो काठीशिवाय चढताना मी पाहिलं होतं. मग दुपारची बस धरून हा जातो कुठं? दुसरं काम धरून ऐन वेळी आपल्याला तोंडघशी पाडणार, याची मला खात्रीच झाली. एका रविवारी मी रिक्षानं त्याच्या बसच्या मागं निघाले आणि मिरजेच्या स्टँडवर तो उतरताच अंतर ठेवून त्याच्यामागं चालत राहिले.

तो दवाखान्यात शिरला. व्यायामाचा विभाग ओलांडून जिन्यानं वर गेला, आणि दादाच्या खोलीत गेला. मी सकाळी जायचे, हा दुपारी. दोघांपैकी एकानंही मला पत्ता लागू दिला नव्हता. मी दाराच्या पडद्याआड उभी राहिले.

दादा म्हणाला, "प्रयोगाला मी नसणार, साहेब. शेवटचं तेवढं ऐकवा."

मी फटीतून आत बघितलं. मग साहेबानं डोक्यावरची टोपी काढली, पलंगापासून दारापर्यंत उलटा चालत आला आणि दादाकडं बघून ते वाक्य म्हणाला. त्यात वाईची पोरं नव्हती की इंग्रजही नव्हता. लांब निघालेला एक भुकेला माणूस होता.

"देतो की," दादा म्हणाला. "घेऊन जा."

नाटकात याला उत्तर नाही. दादानं ते तिथल्या तिथं दिलं.

साहेब बाहेर आला आणि मला पाहून दचकला. मी पाठलाग केलाय हे त्याला कळलं. एवढंच म्हणाला, "आता नाटकाचं काय वंगाळ झालं, तर ते माझ्यावर."

प्रयोगाच्या आधी दादा गेला. प्रयोग आम्ही केला, कारण न करणं त्याला आवडलं नसतं. वंगाळ असं काही झालं नाही. दिवे वेळेवर लागले, कुणी अडखळलं नाही. साहेब दारात थांबला, शेवटचं वाक्य स्वच्छ म्हणाला, पडदा पडला आणि लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मी त्याच्यासमोर भाकरीचं फडकं धरून उभी होते आणि मला ते खोटं वाटलं.

मेकअपच्या खोलीत माणसं कमी झाल्यावर मी त्याला तोंडावर विचारलं, की आज तुम्ही नुसतं म्हटलंत ना? खरं ते मिरजेतच देऊन आलात ना?

तो आरशात बघून कापसानं कपाळ पुसत होता. हात थांबला.

"व्हय, ताई," तो म्हणाला. "ते एकदाच येतं. तिकडं दिलं."

आयुष्यभर संशय घेत आलेय, पण तो खरा ठरल्याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता. मी तिथंच खुर्चीवर बसले आणि दादा गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर रडले.