रविवारचं ब्रेक ऑइल

सुभानपुऱ्यातून अरविंदच्या शेजाऱ्यांचा फोन आला. "अरविंदभाई नथी रह्या... गाडीनी ब्रेक..." एवढंच ते गुजरातीत बोलले. अरविंद गेला होता. कसं झालं ते विचारावं लागलं नाही.

अरविंद माझा शाळेपासूनचा मित्र. नंदेसरीच्या एका रसायनांच्या कारखान्यात त्याचं उभं आयुष्य गेलं, तेही गळती शोधण्यात. पाइपच्या सांध्यावर नुसती ओल दिसली तरी हा प्लांट बंद करायला लावायचा आणि साहेबांच्या शिव्या खायचा. घरची गाडी मात्र जुनीपुराणी, तिचे पार्टही मिळेनासे झालेले. दर रविवारी सकाळी स्वारी मागच्या चाकापाशी आडवी व्हायची आणि सुमनवहिनी ड्रायव्हरच्या सीटवर. लकव्याने वहिनींची डावी बाजू गेलेली, उजवा पाय तेवढा शाबूत. "दाब... धरून ठेव... आता सोड," हा खालून सांगणार, नट सैल करून ब्रेकच्या नळीतली हवा काढणार, नट आवळणार आणि मग बॉनेट उघडून डबीत ब्रेक ऑइलची भर घालणार. वहिनी ऐटीत पेडल दाबायच्या. आठवड्यातलं तेवढं एकच काम त्यांच्यावाचून अडायचं, आणि दोघांनाही ते फार प्रिय होतं.

शेवटचा भेटलो त्या रविवारी डबीने तळ गाठला होता आणि चाकाची आतली बाजू ओली होती. मी म्हटलं, "अरे, आठवड्यात एवढं ऑइल जातं कुठे? गॅरेजला दाखव." वहिनींना ऐकू जाणार नाही अशा बेताने तो म्हणाला, "दाखवलं तर भंगारात काढा म्हणतील. दुसरी गाडी आता झेपायची नाही. मग हिला व्यायामाला न्यायचं कसं? रिक्षात तिला चढता येत नाही रे. भरतोय ना मी... चालशे." मला त्याचा राग आला. अजूनही येतो. कारखान्यात थेंबाची गय न करणारा माणूस स्वतःच्या दारात गळती पोसत होता.

त्याच आठवड्यात वहिनींना व्यायामाला नेताना पुलाच्या उतारावर ब्रेक लागलाच नाही. त्याने गाडी आपल्या बाजूने दुभाजकावर घातली. वहिनींना नुसतं खरचटलं.

आता मी त्यांना माझ्या गाडीतून नेतो. परवा त्यांनी आपणहून विषय काढला. "भाऊजी, पेडल मऊ लागायचं. हवा काढल्यावरसुद्धा. दर रविवारी आणखी थोडं खोल जायचं."

"मग त्याला बोलला नाहीत?"

"ते विचारायचे ना, कसं लागतंय म्हणून. मी सांगायचे, कडक आहे." त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "मऊ म्हटलं असतं तर त्यांनी गाडी काढून टाकली असती... मग मी घराबाहेर कधी पडले असते?"

पुढे सिग्नल लागला. मी ब्रेक दाबला तसा शेजारी त्यांचा उजवा पायही खालच्या मॅटवर दाबला गेला, आणि सिग्नल सुटला तरी त्यांनी तो उचलला नाही.