कुंकू लागलेली वही

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की आधी आमच्या गॅरेजमधला बिस्किटांचा पत्र्याचा डबा डोळ्यांसमोर येतो. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही अमेरिकेत एडिसनला राहायचो आणि मी दुसऱ्या काउंटीतल्या एका लहान गावात पोलीस डिटेक्टिव्ह होतो. मराठी मंडळात सगळे डॉक्टर नाहीतर इंजिनियर. पोलीस मी एकटाच. लोक जेवणाच्या रांगेत मला कौतुकाने पुढे करायचे आणि ताट हातात आलं की पार्किंगचं तिकीट रद्द होईल का ते विचारायचे.

तपासाची टिपणं मी मराठीत लिहायचो, हात भरभर चालायचा. मग टाइपरायटरवर इंग्रजी रिपोर्ट. रिपोर्टवर सही झाली की टिपणं फाडून टाकायची, अशी आमच्या ठाण्याची पद्धत. मला ते कधी जमलं नाही. कागदाला चुकून पाय लागला तरी नमस्कार करायला लावणाऱ्या घरात मी वाढलो. 'फाडली' म्हणून सांगायचो आणि वही गुपचूप त्या डब्यात टाकायचो. दसऱ्याला बायको पाटावर माझं रिव्हॉल्व्हर, बेड्या आणि या वह्या मांडून हळदकुंकू वाहायची.

एका मंगळवारी संध्याकाळी रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा एक म्हातारा त्याच्या दुकानात मेलेला सापडला. डोक्यात जड वस्तूचा घाव, वेळ पाचच्या आसपासची. दुसऱ्या दिवशी ठाण्यात निनावी फोन आला. आठवड्यापूर्वी कामावरून काढलेल्या कारागिराला विचारा, दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. भांडणाची टीप खरी निघाली. दुकानातल्या अवजारांवर त्या कारागिराच्या बोटांचे ठसेही मिळाले. वर्षानुवर्षं ज्याने ती अवजारं वापरली त्याचे नसणार तर कोणाचे? पण तेव्हा हे कोणी बोललं नाही.

चौकशी मीच केली. चाळिशीतला एकटा राहणारा माणूस. खोटं बोलणारे बहुतेक जण गोष्ट पाठ केल्यासारखी सांगतात. हा अडखळत होता, मागेपुढे करत होता. त्या वेळी मी लाँड्रीत कपडे धूत होतो, असं म्हणाला. "जाऊन बघतो," मी त्याला म्हणालो. आणि खरंच गेलो. तिथे काम करणाऱ्या बाईने फोटो ओळखला. मंगळवारी पाचला तो इथे होता, म्हणाली. मोठ्या चादरीची घडी त्याला एकट्याला जमेना, म्हणून दोन टोकं त्याने धरली होती आणि दोन तिने. मी तिथेच उभ्याउभ्या ते वहीत उतरवलं.

संध्याकाळी सरकारी वकिलांना सांगितलं. ते मला फार मानायचे, सार्जंटच्या जागेसाठी माझी शिफारस त्यांनीच केली होती. ते म्हणाले, तिथे रोज इतके लोक येतात, त्या बाईला वार काय आठवणार? रिपोर्टमध्ये घालू नको, उगीच गोंधळ होईल. मी घातलं नाही. हे लिहितानाही लाज वाटते.

खटला उभा राहिला तोवर ती बाई गाव सोडून गेली होती, आणि ती काय म्हणाली हे आरोपीच्या वकिलाला माहीतच नव्हतं. शेवटच्या भाषणात सरकारी वकील ज्यूरीकडे वळून म्हणाले, "लाँड्रीत होता म्हणतो ना? मग त्याला तिथे पाहिलेला एक तरी माणूस कुठे आहे?" मी दुसऱ्या रांगेत बसलो होतो. उत्तर मला माहीत होतं, तरी जागेवरून उठलो नाही. वर न्यायाधीशांनी ज्यूरीला सूचना दिली, की आपण दुसरीकडे होतो हे आरोपीने पटवून द्यायचं आहे. कायदा नेमका उलटा आहे. तो खुनाच्या जागी होता, हे सरकारने सिद्ध करायचं असतं. जन्मठेप झाली.

पुढे त्याचं अपील लढवणारी एक तरुण वकीलबाई ठाण्यात आली. ज्यूरीला दिलेल्या चुकीच्या सूचनेचा मुद्दा तिच्या हातात होता. सरकारी वकिलांनी काही दडवलं, असा तिला संशय होता, पण पुरावा नव्हता. तिने मला एकच प्रश्न विचारला. "तुम्ही त्याला 'जाऊन बघतो' म्हणालात. गेला होतात का?"

उद्या सांगतो म्हणून मी वेळ मारून नेली. तासाभरात सरकारी वकिलांचा फोन. टिपणं सगळेच फाडतात, तूही फाडलीच असशील, एवढंच म्हणाले. घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती गॅरेजमध्ये गेली आणि डबा आणून माझ्यासमोर टेबलावर ठेवला.

"फाडल्या म्हणून सांगणार आहात का?"

"सार्जंटची जागा विसरावी लागेल."

"मग विसरा. इतकी वर्षं मी पूजा कशाची करतेय?"

दुसऱ्या दिवशी वकीलबाईला वही दिली. अपील कोर्टाने आधी त्या वहीबद्दल खालच्या कोर्टात रीतसर सुनावणी घ्यायला सांगितली. मराठी वाचायला मंडळातले एक इंजिनियर काका दुभाषी म्हणून आले, कडक इस्त्रीचा सूट घालून. सरकारच्या बाजूने आलेल्या नव्या वकिलाने वही उचलली आणि लाल डागावर बोट ठेवलं. "डिटेक्टिव्ह, हे रक्त आहे का?"

"कुंकू आहे," मी म्हणालो आणि दसऱ्याला आपण कामाच्या वस्तूंची पूजा करतो ते समजावलं.

"बेड्यांचीसुद्धा?" न्यायाधीशांनी विचारलं.

"हो, युवर ऑनर."

अख्खं कोर्ट हसलं. मलाही किती दिवसांनी मोकळं वाटलं. मग वकील म्हणाला, हे पान आत्ता लिहिलं नसेल कशावरून? काकांनी शांतपणे पुढची-मागची पानं वाचून दाखवली. एकेक नोंद त्या त्या दिवसाच्या टाइप केलेल्या रिपोर्टशी जुळली. मध्ये चादरीचं पान होतं. रिपोर्ट नव्हता तो फक्त त्याचा.

दोन्ही मुद्द्यांवर शिक्षा रद्द झाली आणि नव्याने खटला चालवायचा आदेश निघाला. ती बाई सापडली, तिने चादरीची हकिगत शब्दन् शब्द तशीच सांगितली. सरकारने केस मागे घेतली. खरा खुनी कधीच मिळाला नाही, ते अजून सलतं. पण माणूस घरी गेला याचा आनंद मोठा होता, आणि आहे.

सुटल्यावर तो मला भेटायला ठाण्यात आला. ओरडला नाही, रडला नाही. "तीन वर्षं ती वही कुठे होती?" एवढंच विचारलं.

"माझ्या गॅरेजमध्ये."

त्याने मान हलवली. मग हात मिळवला आणि गेला.

त्यानंतर कोणी 'हे घालू नको' म्हटलं, की मी रिपोर्टमध्ये पहिलं तेच टाइप करायचो. सार्जंट न होताच रिटायर झालो. त्याचं काही वाटत नाही, झोप छान लागते. केस संपल्यावर वही परत मिळाली आणि दसऱ्याला ती अजून पाटावर असते. तेव्हा मात्र तो तुरुंगात होता ते तीन दसरे आठवतात. वही तेव्हाही पाटावर होती आणि मी तिला हात जोडत होतो.