तपासणीच्या दिवशी प्रीती घरी

आमच्या कामात किस्से गोळा करावे लागत नाहीत. फिरतीच्या पिशवीत जसे अर्धे खडू, बंद पडलेली पेनं आणि कुणाचा तरी खोडरबर साठतो, तसे ते साठत जातात. एक दिवस पिशवी उलटी करावी म्हटलं.

मी समावेशित शिक्षणाची विशेष शिक्षिका. तालुक्यातल्या शाळा फिरायच्या, दिव्यांग मुलं बाकीच्यांबरोबर त्याच वर्गात शिकतायत का ते बघायचं, अडलं तिथं शिक्षकांना मदत करायची. नोकरी कराराची. दरवर्षी नवा करार आणि त्यासाठी शाळांचा चांगला शेरा लागतो. म्हणजे ज्या हेडसरांची चूक दाखवायची, शेराही त्यांच्याकडूनच घ्यायचा!

यातले बरेचसे किस्से एका शाळेचे आणि एका मुलीचे. मुलगी प्रीती, चौथीतली. तिला सेरेब्रल पाल्सी आहे. वॉकर धरून चालते, शब्द तोंडातून निघायला वेळ लागतो, पण डोकं असं तल्लख की वर्गातली पोरं गणितं तिलाच विचारतात. तिच्या शाळेला 'आदर्श समावेशक शाळा' व्हायचं होतं आणि तपासणीच्या दिवशी भरायच्या त्या फॉर्मवर एक सही माझी लागणार होती. त्या सहीपायी मला महिनाभर जेवण गोड लागलं नाही.

*

एका संस्थेनं आम्हा विशेष शिक्षकांसाठी कोचिंग सुरू केलं. घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "आता या वयात कसली परीक्षा देतीस?"

आमच्या कोच पवार मॅडम. निवृत्त मुख्याध्यापिका, शहरात सावेडीला राहतात. शनिवारी दुपारी त्यांच्या ओट्यावर मी आणि शेजारच्या तालुक्यातले साळवे सर जाऊन बसायचो. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, की कुठल्या शाळेत जायला तुमचे पाय जड होतात? आणि गप्प बसल्या. आम्हीही गप्प. साळवे सरांनी चष्मा पुसला. मी दोनदा पाणी प्यायले. मॅडम आपल्या शांतपणे आमच्याकडं बघतायत. अशी शांतता मी फक्त डीएडच्या तोंडी परीक्षेत सोसली होती.

शेवटी साळवे सरांनी धीर करून विचारलं, "मॅडम, मार्गदर्शन कधी सुरू होणार?"

"चाललंय की," मॅडम म्हणाल्या.

*

प्रीतीच्या शाळेत रॅम्प बांधला. छान झाला, उतारही बरोबर. पुढच्या भेटीला गेले तर रॅम्पवर दोन्ही बाजूंना झेंडूच्या कुंड्या मांडलेल्या. मधून मांजर गेलं असतं, वॉकर नाही. हेडसर कौतुकानं म्हणाले, "शोभा आली ना, मॅडम?" शाळेची व्हीलचेअर कपाटात होती, वरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. वापरली की खराब होते म्हणे.

प्रीती पायऱ्यांवरून आईच्या कडेवर वर्गात जात होती. नऊ वर्षांची मुलगी.

मी शनिवारी हे तिखटमीठ लावून सांगितलं. साळवे सर पोट धरून हसले. पवार मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "आणि भेटीच्या वहीत तू काय लिहिलंस?"

मी लिहिलं होतं, 'रॅम्पची सुविधा उत्तम. परिसर सुशोभित.' हे सांगताना माझे कान तापले. सोमवारी जाऊन मी स्वतः कुंड्या उचलल्या आणि त्या वाक्याखाली दुरुस्ती लिहून सही केली. हेडसर तेव्हापासून मला चहा विचारेनात.

*

साळवे सरांचा किस्सा वेगळाच. एका शाळेत गुरुजींनी त्यांना अभिमानानं सांगितलं, की आमच्याकडं समावेशन शंभर टक्के आहे, दिव्यांग मुलांसाठी खास वेगळा बाक केलाय. बाक भिंतीकडं, सगळ्यांच्या मागं. त्यावर ऐकू कमी येणारी एक मुलगी एकटी बसलेली.

साळवे सरांनी पिशवी खाली ठेवली. गेले आणि त्या बाकावर तिच्या शेजारी बसले. एक तास झाला, दुसरा झाला, हे आपले गुडघे पोटाशी घेऊन तिथंच. गुरुजींना घाम फुटला. मधल्या सुट्टीत बाक पुढं आला आणि मुलगी तिघींच्या मध्ये जाऊन बसली.

मी विचारलं, सर, एवढा धीर कुठून आणला? ते म्हणाले, "आमच्या आजोबाला शाळेत बाहेर बसवायचे. ते घरात ऐकत मोठा झालोय मी. आधी मी पण अशा बाकाचे फोटो काढून रिपोर्टला लावायचो. मॅडमनी विचारलं, फोटो काढताना तू कुठं उभा असतोस?"

त्या दिवशी मला सरांचा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

*

आता माझी गोष्ट सांगायलाच हवी. मागच्या वर्षी तपासणीच्या आदल्या दिवशी हेडसरांनी मला सांगितलं होतं, की उद्या प्रीती नको. बोलायला वेळ लावते, लाळ गळते, पाहुण्यांसमोर वर्ग कसा दिसेल? घरचे तुमचं ऐकतात, तुम्हीच कळवा. समावेशक शाळेची तपासणी, आणि जिच्यासाठी ती तपासणी तीच घरी! मला हे दिसत होतं. तरी मी तिच्या वडिलांना फोन केला, कारण पंधरा दिवसांवर नवा करार होता.

वर्षभर हे मी कुणाला बोलले नव्हते. त्या ओट्यावर बोलले आणि रडले. मॅडमनी समजूत काढली नाही की त्या रागावल्या नाहीत. माझं रडू संपेपर्यंत नुसत्या बसून राहिल्या. एवढं कुणी माझ्यासाठी थांबलेलं मला आठवत नाही.

तेच थांबणं मी प्रीतीच्या वर्गात नेलं. ती बोलायला लागली की पोरं तिचं वाक्य पुरं करून टाकायची. मी नियम केला. कुणाचाही शब्द अडला, की वर्गानं म्हणायचं, "सावकाश, आम्ही थांबतो." आणि खरंच थांबायचं. महिनाभरात पोरांना इतकी सवय लागली, की फळ्यावर गुरुजी अडले तरी मागून आवाज यायचा.

*

यंदाच्या तपासणीच्या आधी हेडसरांचा पुन्हा फोन. मागच्यासारखंच कळवून टाका म्हणाले. मी "बघते" म्हटलं आणि फोन ठेवल्यावर स्वतःचीच लाज वाटली. पवार मॅडमना कळवलं. त्यांनी एवढंच विचारलं, "नक्की काय बघणार आहेस?"

मी प्रीतीच्या वडिलांना फोन लावला आणि उद्या तिला आणा म्हणाले.  ते म्हणाले, "मागं तुमीच म्हनला हुता, घरी ठिवा."

"चुकलं माझं. उद्या आणा."

त्यांना शेळ्या घेऊन घोडेगावच्या बाजाराला जायचं होतं. बाजार सोडून ते आले. गाडीवर मध्ये प्रीती, मागं आई, आईच्या हातात वॉकर. रॅम्पवरून ती स्वतः चालत वर्गात गेली. हेडसर दारातून बाजूला झाले.

तपासणीच्या बाई वर्गात आल्या. मागच्या वर्षीही त्याच होत्या. त्यांनी जुनी हजेरी मागवली, पानं उलटली आणि प्रीतीकडं बघून म्हणाल्या, "मागच्या तपासणीला ही हजर लावलीय. मला तर ही दिसल्याचं आठवत नाही."

"त्या दिवशी आजारी होती ती," हेडसर म्हणाले.

"आजारी आणि हजर?" बाईंनी सहीचा फॉर्म माझ्यापुढं सरकवला. "विशेष शिक्षिका तुम्ही ना? तुम्ही सांगा."

 हेडसर डोळ्यांनी नको म्हणत होते. दाराशी प्रीतीचे वडील टोपी हातात घेऊन उभे होते. मी तोंड उघडलं, शब्द फुटेना. पुन्हा उघडलं. 

तेवढ्यात पहिल्या बाकावरून आवाज आला, एकेक शब्द ओढत आणलेला.

"साव...काश, मॅडम. आमी... थांबतो."

सगळा वर्ग थांबला. बाईसुद्धा थांबल्या.

मी म्हणाले, "ती आजारी नव्हती. तिला घरी ठेवा, असा फोन मीच केला होता."