एकही दिवस उशीर नसलेला अहवाल

दोन हजार सालानंतरची दोन-तीन वर्षं मी कोल्हापुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात एम.ई.च्या मुलांना प्रकल्प व्यवस्थापन शिकवत होतो. त्याआधी दहा वर्षं मी बांधकामांवर काढली होती. तिथं मला एकच गोष्ट पक्की कळली होती, ती म्हणजे कामाच्या प्रगतीचा कागद कधी खरं बोलत नाही.

एका सत्रात मी मुलांना सांगितलं, प्रत्येकानं कुठलंही चालू बांधकाम निवडायचं, आधी वेळापत्रक बनवायचं, मग दर आठवड्याला जाऊन प्रत्यक्ष काम किती झालं ते लिहायचं. वर्गात बारा जण होते. दोन महिन्यांनी अहवाल आले. अकरा जणांची कामं रखडली होती. पावसानं, सिमेंटनं, मजुरांनी. मला बरं वाटलं. पोरं खरंच साइटवर जाताहेत म्हणायची.

बाराव्याच्या अहवालात एका दिवसाचाही उशीर नव्हता.

हा मुलगा गडहिंग्लजच्या पुढच्या एका खेड्यातला. डिप्लोमा करून, मग डिग्री करून आलेला, वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा. गावात शाळेच्या दोन खोल्या बांधल्या जात होत्या, ते काम त्यानं घेतलं होतं. पाया ठरल्या दिवशी, भिंती ठरल्या दिवशी, स्लॅबही ठरल्या दिवशी.

मी त्याला बोलावलं. "काम कोण करतंय?"

"हाय की एक गवंडी."

"तुझ्या ओळखीचा?"

"व्हय, ओळखीचा." एवढं बोलून तो जमिनीकडं बघत राहिला.

फोटो आण म्हटलं, तर त्यानं आणले. त्यावर तारखा नव्हत्या. माझा संशय आणखी वाढला. पुढच्या तासाला मी नाव न घेता वर्गात म्हणालो, "ज्यांच्या कामाला एक दिवसही उशीर होत नाही, ते बहुधा खोलीत बसूनच इमारती बांधत असावेत." सगळे हसले. कुणाबद्दल चाललंय हे सगळ्यांना कळलं होतं. त्यालाही.

तरी मला चैन पडेना. एका शनिवारी सकाळी स्टँडवरून गडहिंग्लजची एस.टी. धरली आणि तिथून वडापच्या जीपमध्ये दाटीवाटीनं बसून त्याचं गाव गाठलं. अहवालातल्या वेळापत्रकाप्रमाणे त्या दिवशी स्लॅबखालचे टेकू निघायला हवे होते.

टेकू निघत होते.

पन्नाशीचा एक गवंडी खाली उभा राहून माणसांना सूचना देत होता. मला बघून म्हणाला, "कुनाकडं आलायसा पावणं?"

मी सरळ खोटं बोललो. "पुढच्या गावाला चाललोय. काम दिसलं, म्हणून थांबलो."

मी एका टेकूला हात लावून पाहिला. त्यानं पाणी दिलं, गूळ दिला. मी सहज विचारतोय असं दाखवत म्हणालो, "काम वेळेवर चाललंय का?"

"वेळेवर म्हंजे? बोललोय तसं चाललंय."

"माणसं दांड्या मारत नाहीत?"

तो हसला. शेजारच्या जुन्या खोलीच्या भिंतीवर त्यानं कोळशानं दिवसाला एक अशा रेघा मारल्या होत्या, त्या मला दाखवल्या. जत्रेचे चार दिवस, आठवड्याचा बाजार, गावात ऊसतोड सुरू झाली की माणसं मिळत नाहीत ते दिवस, वीज नसल्यानं पाणी चढत नाही ते दिवस. सगळ्यांवर आधीच फुली. "ज्या दिशी मानसं येनारच न्हाईत, त्या दिशी काम धरायचंच कशाला?"

माझ्या फळ्यावरच्या कुठल्याही वेळापत्रकात जत्रा नव्हती.

"हे पोरगं लिहून न्हेतंय," तो अभिमानानं म्हणाला. "माझा ल्योक. कोल्लापुरात मोठ्या कालेजात हाय. त्येचा मास्तर लई कडक हाय म्हनं."

मी कोण ते त्याला सांगितलं नाही. राहिलेला गूळ तोंडात टाकला आणि निघालो.

सोमवारी तास संपल्यावर तो मुलगा टेबलापाशी येऊन उभा राहिला. "सर, शनवारी आमच्या गावात आलतासा."

मी हजेरीपट बंद केला.

"वडील म्हनत हुतं, एक पावणं आलतं, टेकूला हात लावून बघत हुतं. इंजिनेरच असणार."

"गवंडी तुझे वडील आहेत, हे तू का सांगितलं नाहीस?"

"सांगिटलं असतं तर तुम्ही म्हनला असता, बापानंच लिहून दिलंय." मग अगदी शांतपणे म्हणाला, "बाकीच्यांच्या साइटवर पन गेलतासा का सर?"

मी गेलो नव्हतो. जावंसं वाटलंही नव्हतं.

त्या दुपारी मी उरलेले अकरा अहवाल पुन्हा काढले. यावेळी एकमेकांशेजारी ठेवून वाचले. चौघांच्या कामावर पावसामुळं बरोबर अकरा दिवसांचा खोळंबा झाला होता. वाक्यही तेच, चुकीच्या जागचा स्वल्पविरामही तोच. त्यातल्या एकाचं काम तर घराच्या आतल्या रंगाचं होतं. चौघांना बोलावलं तेव्हा फार ताणलं नाही त्यांनी. होस्टेलवर बसून लिहिलं होतं. एक म्हणाला, "उशीर दाखवला की तुम्हाला पटतं, सर."

दुसऱ्या दिवशी मी वर्गात उभा राहून सांगितलं, की मी ज्याच्यावर संशय घेतला त्याचंच काम खरं होतं, आणि न सांगता जाऊन ते तपासलं ही माझी चूक झाली. तो वहीत बघत बसला होता. त्याची ती बोली, तो शेवटचा बाक, हे नसतं तर मी एस.टी. धरली असती का, हे मात्र मी वर्गात बोललो नाही.

मी त्याला म्हटलं, तुझ्या वडिलांची वेळ धरायची पद्धत एक तास तूच शिकव. "नको सर," एवढंच म्हणाला.

वर्ष संपलं. त्याला पुण्याच्या एका कंपनीत चांगली नोकरी लागल्याचं मला शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याकडून कळलं. त्यासाठी लागणारं शिफारसपत्र त्यानं त्या सहकाऱ्याकडून घेतलं होतं. सहकाऱ्यानं त्याला एकच सत्र शिकवलं होतं, तेही काँक्रीटचं.

"प्रकल्पाचा विषय तुमचा," सहकारी म्हणाला. "तुमच्याकडं का नाही आला?"

"काय माहीत," मी म्हणालो.