सुई कोणाच्या घरची?

पुसदला आमच्या भागात घंटागाडीवर रुपीबाई राठोड येतात. गाडीमागे चालायचं, दारोदारचा कचरा घ्यायचा, ओला-सुका वेगळा करायचा. नऊ वर्षं हेच काम करतात. तांड्यावरून पायी निघून सातच्या आत हजर.

गेल्या वर्षी पोळ्याच्या आठवड्यात त्यांनी एका काळ्या पिशवीत हात घातला आणि इन्सुलिनची सुई हातमोज्यातून थेट अंगठ्यात गेली. त्यांनी बोट धुतलं, चिंधी बांधली, गल्ली पुरी केली आणि मग मंजुषाताईंच्या मेडिकलमध्ये पट्टी मागितली. काय झालं ते ऐकून मंजुषाताईंनी शटर ओढलं आणि त्यांना आपल्या स्कूटरवर बसवून सरकारी दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी रक्त घेतलं, काविळीची लस दिली, एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून महिनाभर रोज घ्यायच्या गोळ्या दिल्या. "सुई कोणाची ते कळलं तर बरं," त्या म्हणाल्या. "त्या माणसाचंही रक्त तपासता येईल."

गोळ्यांनी मळमळायचं. घरी रुपीबाईंनी सांगितलं की पित्त झालंय. पण त्यांनी आपला गिलास वेगळा ठेवला आणि नातीला मांडीवर घेणं सोडलं. गिलासानं काही होत नाही, हे डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं. तरी जीव धजत नव्हता.

त्या गल्लीत इन्सुलिन कोण घेतं, हे मंजुषाताईंना ठाऊक होतं. "पण गिऱ्हाइकाचा आजार मी दुसऱ्याला कसा सांगू, रुपीबाई?"

"नका सांगू. मीच विचारीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दारोदार थांबल्या. "तुमच्या इथं कोणी साखरेची सुई घेते काय? मी भांडाले नाही आली. मले टोचली, डॉक्टरीणबाई विचारून राह्यल्या."

एका घरानं दार लावून घेतलं. दुसऱ्या घरच्या बाई म्हणाल्या, "आम्ही तर पिशवीला घट्ट गाठ मारतो." तहसील कचेरीतून निवृत्त झालेले अनंतराव पाठक ओट्यावर पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली न घेताच सांगितलं, "आमच्याकडे कोणी नाही."

तिसऱ्या दिवशी मात्र ते फाटकात उभे होते. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात छत्री.

"बाई, सुई माझी असेल. काल मी खोटं बोललो."

रुपीबाईंनी हातातली पिशवी खाली ठेवली.

"इन्सुलिन सुरू झालं हे मी मुलालाही कळवलं नाही. लाज वाटते. म्हणून काळ्या पिशवीत, कागदात गुंडाळून टाकत होतो. चला, माझं रक्त तपासून घेऊ."

"मी बी घरी नाही सांगतलं, साहेब," रुपीबाई म्हणाल्या.

दोघं एकाच ऑटोनं दवाखान्यात गेले. अनंतरावांचं रक्त निर्दोष निघालं. पण सुई त्यांचीच होती, याची खात्री कोण देणार? गोळ्या पूर्ण घ्यायच्याच ठरल्या. निघताना अनंतरावांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं, "मग आम्ही या सुया टाकायच्या तरी कुठे?"

"जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठवा, झाकण लावा आणि इथे आणून द्या. आमच्या कचऱ्याबरोबर नीट नष्ट होतील."

पण गुडघे धरून चालणारी माणसं एका बाटलीसाठी एवढ्या दूर येणार नव्हती. डब्बा जवळच हवा होता. मंजुषाताईंनी दुकानाच्या पायरीशी जागा देऊ केली, तर लगेच कुजबूज सुरू झाली, की इथे सुया जमल्या म्हणजे नशा करणारे येतील.

गणपती मंडळाच्या बैठकीत हा विषय निघाला. रुपीबाईंना कोणी बोलावलं नव्हतं, त्या आपणहून आल्या. "सुया तं तुमच्या घरातच हाय," त्या म्हणाल्या. "आता त्या माझ्या हातात येतात. डब्ब्यात गेल्या तं कोणाच्याच हातात नाही येणार."

तेवढ्यात वेल्डिंगवाले अब्दुल गनी उठले. त्यांची आई रोज सुई घेते. "मी लोखंडाचा बनवतो. बाटली आत जाईल, हात नाही जाणार. कुलूप लावू, चावी ताईपाशी."

अनंतरावांनी डब्ब्यासाठी अकरा ओळींची सूचना लिहून आणली. ती वाचून दाखवल्यावर रुपीबाई म्हणाल्या, "साहेब, इतकं कोण वाचते?" मग त्यांनी सांगितलं तेच रंगवलं गेलं: 'सुई बाटलीत. बाटली डब्ब्यात.'

पहिल्या आठवड्यात दोनच बाटल्या आल्या, एक अनंतरावांची आणि एक गनीभाईंच्या आईची. दिवाळीपर्यंत डब्बा महिन्यातून दोनदा भरू लागला. दार लावून घेणाऱ्या घरातूनही बाटली यायची, फक्त अंधार पडल्यावर. भरलेला डब्बा गनीभाई आपल्या टेम्पोतून दवाखान्यात पोचवतात.

सहा महिन्यांनी रुपीबाईंची शेवटची तपासणी झाली. सगळं ठीक होतं. त्या दिवशी त्यांनी लेकीला सारं सांगितलं. लेक रडली, मग तिनं आईचा वेगळा गिलास उचलून बाकीच्या भांड्यांत ठेवला.

आता दुसऱ्या भागातल्या घंटागाडीवरच्या सुखीबाईंनी रुपीबाईंना बोलावणं धाडलंय. तिथले लोक डब्ब्याला जागा देत नाहीत. येत्या रविवारी रुपीबाई तिकडे जाणार आहेत, आणि अनंतरावही सोबत निघालेत. "मीच सुई टाकणारा, हे मी सांगतो," ते म्हणाले. "तुम्ही बाकीचं सांगा."