धक्क्याच्या फळ्या

आमच्या घरामागून उल्हास नदी जाते. बदलापूरच्या कडेचं हे गाव, नदीपलीकडे आमची भाजीची वाडी. पुलावरून गेलं तर तासभर मोडतो, म्हणून सासरे होडीने जायचे. होडी लावायला त्यांनी ऐनाच्या लाकडाचा छोटा धक्का बांधला होता. पाण्यात रोवलेले सहा खांब आणि वर फळ्या.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात त्या फळ्या भेगाळल्या. पाऊस यायच्या आत त्यांना तेल पाजायला हवं होतं. सासरे दर वेळी गॅरेजमधून आणलेलं जळकं ऑइल लावायचे. त्याचं अर्धं भरलेलं पिंप झोपडीत असायचं. ही झोपडी म्हणजे नदीकाठी जाळी-वल्ही ठेवायला केलेली कुडाची खोली. मी बदलापूर एमआयडीसीत एका कंपनीच्या लॅबमध्ये काम करते. त्या ऑइलमध्ये काय काय असतं ते मला माहीत होतं.

"बाबा, या वेळी हे नको. पहिल्या पावसात सगळं पाण्यात उतरतं."

ते हसले. "माजा बापूस हेच लावायचा. लाकराला काय झालं नय, नदीला बी काय झालं नय."

"मी करते ना. तुम्ही फक्त फळ्या काढून द्या."

त्यांनी नदीकडे हात केला. वरच्या अंगाने पांढरा फेस येत होता. त्याला औषधासारखा गोडसर वास होता. "त्ये बग. तुमच्या कंपन्यांतनं येतंय. तू एक एक थेंब वाचव."

तो वास मला ओळखीचा वाटला होता, पण ते मी त्यांना सांगितलं नाही.

उल्हासनगरच्या रंगाच्या दुकानातून मी जवसाचं तेल आणलं, लवकर सुकणारं. रंगासाठी गेरू घेतला. दुकानदार म्हातारे सिंधी गृहस्थ होते. डबा देताना म्हणाले, "मॅडम, कपडा संभालना." तेलाचे डाग पडतात म्हणून सांगत असावेत असं समजून मी मान हलवली.

सुट्टी टाकून दोन दिवस मी फळ्यांचं काम केलं. सासऱ्यांनी नटबोल्ट सोडवून फळ्या काठावर आणल्या. खाली ताडपत्री अंथरून मी जुना काळा थर खरवडला, भुसा गोळा केला. मग तेलात गेरू कालवून फळ्यांना लावला आणि जास्तीचं तेल जुन्या सुती साड्यांच्या चिंध्यांनी पुसून घेतलं. पाण्यातले खांब तसेच कोरे ठेवले. फळ्या विटेसारख्या तांबूस दिसू लागल्या. सासरे मधूनमधून येऊन बोट फिरवून बघत. दुसऱ्या दिवशी तर तेही पुसायला बसले.

त्या दिवशी नदी विचित्र शांत होती. एरवी फळ्यांचा आवाज झाला की बगळे उडायचे, पण त्या दिवशी काठावर एकही नव्हता. उथळ पाण्यात बारीक मासे तोंड वर काढून हवा घेत होते. सासऱ्यांनी ते पाहिलं आणि पाठ फिरवली. मला उगाच घाई सुटली. काम संपवून तिथून निघून जावंसं वाटत होतं.

चिंध्या वाऱ्याने पाण्यात जाऊ नयेत म्हणून मी त्या सगळ्या प्लॅस्टिकच्या गोणीत दाबून भरल्या, तोंड बांधलं आणि गोणी झोपडीत ठेवली. पिंपाला टेकून. जेवण करून आल्यावर ब्रश घ्यायला आत गेले तेव्हा गोणीला हात लागला. ती कोमट होती. छपराचा पत्रा तापलाय, उन्हाने झालं असेल, असं मी स्वतःशी म्हटलं. हे मी आजवर अनेकदा आठवलं आहे. मला शिकवलेलं होतं. जवसाचं तेल सुकताना गरम होतं, आणि चिंध्या दाबून ठेवल्या तर ती गरमी बाहेर पडत नाही. पुस्तकातलं ते वाक्य मला पाठ होतं, फक्त त्या दुपारी ते माझ्यापाशी आलं नाही.

चारच्या सुमारास आम्ही फळ्या परत बसवत होतो. शेवटची फळी उरली होती. सासरे थबकले.

"कायतरी जलतंय."

झोपडीच्या कुडातून धूर येत होता. मी उठेपर्यंत ते आत शिरले होते. गोणी मधोमध वितळून काळी पडली होती आणि आतून लाल दिसत होती. पिंप तिला टेकूनच होतं. त्यांनी गोणी दोन्ही हातांनी उचलली आणि धक्क्याकडे धावले. नदी पाच पावलांवर होती. बाहेरचा वारा लागताच गोणीने पेट घेतला.

मी ओरडले, "पाण्यात नको!"

ते थांबले. क्षणभरच. जळती गोणी हातात, पुढे पाणी, आणि ते माझ्याकडे बघत उभे राहिले. मग वळून त्यांनी ती काठावरच्या रेतीत टाकली आणि पायाने रेती लोटली. मी बादल्यांनी कुडावर पाणी मारत सुटले. पिंप वाचलं, झोपडीही वाचली.

मागे वळले तर ते खाली बसले होते. वितळलेलं प्लॅस्टिक उजव्या तळव्याला चिकटलं होतं. "वाईच थंड पानी दे गो पोरी," एवढंच म्हणाले. मी नदीचं पाणी घ्यायला वाकले, पाण्याचा तो वास आला, आणि बादली टाकून घरातल्या नळाकडे धावले.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा ते माझ्या आधीच बोलले, "शेकोटी केली व्हती." मे महिन्यात शेकोटी! डॉक्टरांनी तेच लिहून घेतलं. नवऱ्यालाही सासऱ्यांनी तेच सांगितलं. खरं काय ते मी त्याला तीन आठवड्यांनी सांगितलं. तो म्हणाला, "टाकू द्यायची होतीस ना गं पाण्यात. एक गोणी."

 

जखम भरली, पण दोन बोटं आखडली ती आखडलीच. वल्हं धरता येत नाही म्हणून त्यांनी पलीकडची वाडी गावातल्या एकाला कसायला दिली. पावसाळ्यात एकदा मी त्यांच्या हाताला मलम चोळत होते. धीर करून म्हटलं, "बाबा, त्या दिवशी मी ओरडले नसते तर..."

"तू ओरडलीस?" ते म्हणाले. "मला त ऐकूच आलं नय."

"मग थांबलात का?"

"पाय घसरला असता. फळीवर त्याल व्हतं."

फळ्या त्या दुपारी पुसून कोरड्या केल्या होत्या, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. त्यांनी दुसरा हात पुढे केला, त्याला काहीच झालेलं नव्हतं, तरी मी त्यालाही मलम लावलं.